सहाव्या भागापर्यंत थांबा : 'द वायर' आणि आपली घाई

मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, इकडे चार-पाच खुर्च्या रिकाम्या आहेत.

आज एका मालिकेबद्दल बोलायचंय. तिचं नाव 'द वायर'. अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर जून २००२ मध्ये ती सुरू झाली आणि मार्च २००८ मध्ये संपली. पाच सीझन, साठ भाग. किती जणांनी पूर्ण पाहिली आहे? हात वर करा बरं. सात-आठ. आणि सुरू करून मध्येच सोडली असे किती? हे बघा, हे हात जास्त आहेत. म्हणजे आजचं बोलणं मुख्यतः तुमच्याशी आहे. लाजू नका, मीही तुमच्यातलाच. मी ही मालिका दोनदा सोडली. एकदा पहिल्या भागानंतर, एकदा तिसऱ्या भागाच्या मध्यावर. तिसऱ्यांदा बसलो ते एका मित्रानं अक्षरशः शपथ घातली म्हणून. तो म्हणाला, "सहाव्या भागापर्यंत थांब, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

हे 'सहाव्या भागापर्यंत थांब' आपण कितीतरी मालिकांबद्दल ऐकतो. आणि मला त्याचा रागही येतो. का थांबायचं? सहा भाग म्हणजे जवळजवळ सहा तास. जेवायला बोलवायचं आणि सांगायचं की पहिल्या दोन पोळ्या कच्च्या आहेत, पुढच्या छान फुगल्यात! असं कोणी करतं का? तेव्हा आजचा माझा प्रश्न साधा आहे. 'द वायर'ची सुरुवात संथ आहे, हे मान्य. पण तो संथपणा म्हणजे दोष, की कामाचा भाग? आणि दोन्ही असेल तर दोष कुठे संपतो आणि काम कुठे सुरू होतं?

एक सूचना आधीच देतो. मी पहिल्या सीझनमधला एक मृत्यू आज सांगणार आहे, आणि चौथ्यातला एक. त्याशिवाय माझा मुद्दा मांडता येणार नाही. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल बाहेर जाऊन चहा घ्या, मी अजिबात वाईट वाटून घेणार नाही.

तर, गोष्ट बाल्टिमोर शहरातली आहे. मालिका रचली डेव्हिड सायमन यांनी. हा माणूस 'बाल्टिमोर सन' या वर्तमानपत्रात पोलीस बातमीदार होता. त्यांचे जोडीदार एड बर्न्स. हे बाल्टिमोरच्याच पोलीस दलात खुनांचा तपास करायचे आणि निवृत्तीनंतर शाळेत शिक्षक झाले. म्हणजे एक बातमीदार आणि एक पोलीस-मास्तर. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिला प्रसंग रस्त्यावरचा. एक पोरगा मरून पडलाय, आणि डिटेक्टिव्ह मॅकनल्टी एका साक्षीदाराशेजारी पायरीवर बसून बोलतोय. गोष्ट कळते ती अशी: हा पोरगा दर आठवड्याला फाशांच्या जुगारात यायचा, आणि डावावर पैसे साठले की ते उचलून पळायचा. बाकीचे त्याला पकडायचे, चोपायचे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायला घ्यायचे. या वेळी कोणीतरी गोळी घातली. मॅकनल्टी विचारतो, दरवेळी चोरायचा तर खेळायला घेता कशाला? उत्तर येतं, घ्यायलाच हवं ना, ही अमेरिका आहे.

झकास सुरुवात आहे. आणि मग? मग हा खून मालिकेतून जवळजवळ नाहीसा होतो. आपण तयारीत बसलेले असतो की आता याचा तपास होणार, आणि मॅकनल्टी निघतो कोर्टात, भलत्याच खटल्याला. तिथे डीअँजेलो बार्क्सडेल नावाचा तरुण खुनाच्या आरोपातून सुटतो, कारण एक साक्षीदार ऐनवेळी फिरते. मॅकनल्टी न्यायाधीशांकडे बोलून बसतो की या पोराचा मामा, एव्हॉन बार्क्सडेल, अर्धा पश्चिम बाल्टिमोर चालवतो आणि आमच्या खात्यात त्याच्याकडे कोणी बघतही नाही. न्यायाधीश वर फोन लावतात. वरचे चिडतात. आणि तोंडदेखलं एक पथक तयार होतं, कुठल्या ना कुठल्या विभागाला नकोशी झालेली माणसं गोळा करून. त्यांची जागा कुठे? तर तळघरात.

आता आपण मराठी प्रेक्षक कशावर वाढलो? 'सी.आय.डी.'वर. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न खोलीत शिरला, हात हवेत फिरला, की समजायचं, धागा सापडला. तासाभरात खुनी हातकड्यांत. मी त्याची टिंगल करत नाहीये, मीही ते आवडीनं पाहिलंय. पण त्या सवयीनं 'द वायर' बघायला बसलं की काय होतं? पहिल्या भागात पंचवीसेक माणसं येतात. नावं कळत नाहीत. बोली कळत नाही. पार्श्वसंगीत नाही, म्हणजे कुठे घाबरायचं, कुठे रडायचं हे कोणी सांगत नाही. गाणं वाजलंच तर ते गाडीच्या रेडिओवर नाहीतर कोपऱ्यावरच्या टेपवर. आणि पोलीस काय करतात? टाइप करतात. जुन्या फायली हुडकतात. एव्हॉनचा साधा फोटोसुद्धा त्यांच्याकडे नसतो.

वाहिनीलाही ही भीती होतीच. पहिल्या भागाच्या शेवटी एक प्रेत दिसतं, आणि तो माणूस सुरुवातीच्या खटल्यातला साक्षीदार होता हे आठवावं म्हणून कोर्टातलं दृश्य पुन्हा एकदा चमकावून दाखवलंय. वाहिनीच्या आग्रहाखातर ते घातलं, असं सायमननी सांगितलेलं आहे. आणि ते खटकतं. ही मालिका प्रेक्षकाला कधीच हात धरून नेत नाही, आणि इथे मात्र नेते. पुढे हा प्रकार त्यांनी पुन्हा केला नाही.

मग सहाव्या भागात नेमकं काय बदलतं? पथकाला टेलिफोन ऐकायची परवानगी मिळते. मालिकेचं नाव 'द वायर', आणि ती वायर जोडली जाते सहाव्या भागात! त्या भागाचं नावही तेच आहे. इथे थोडं कायद्याबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते संथपणाची किल्ली इथे आहे.

अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार पोलिसांना एखाद्याचा फोन ऐकायचा असेल तर न्यायाधीशांची परवानगी लागते. आणि नुसता संशय पुरत नाही. तपासाचे नेहमीचे मार्ग वापरून झाले आणि ते फसले, किंवा ते फसणारच आहेत, किंवा फार धोक्याचे आहेत, हे पटवून द्यावं लागतं. आपल्याकडे अशी परवानगी गृहसचिवांच्या पातळीवर मिळते, न्यायाधीशांकडून नाही, एवढा फरक नोंदवून ठेवतो. तर नेहमीचे मार्ग फसले हे दाखवायचं म्हणजे आधी ते वापरायला हवेत. पाळत ठेवा, खबऱ्या लावा, ग्राहक बनून माल विकत घ्या. पहिले चार-पाच भाग आपण नेमकं हेच बघत असतो. आपल्याला वाटतं लेखक वेळ काढतोय. पण वेळ कायदा काढतोय. आणि का काढतोय, तर माणसाचं खाजगी बोलणं ऐकणं ही सहज हाती द्यायची गोष्ट नाही म्हणून.

परवानगी मिळाल्यावरही सुटका नाही. वस्तीतले धंदेवाले सार्वजनिक टेलिफोन वापरतात. त्या फोनवर आपला संशयितच बोलतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऐकता येत नाही, कारण तोच फोन एखादी आजीसुद्धा वापरते. म्हणून एक जण तळघरात कानाला यंत्र लावून, आणि दुसरा उन्हात गच्चीवर दुर्बीण घेऊन. गच्चीवरून निरोप आला की हो, तोच आहे, की तळघरात ऐकणं सुरू.

आता यात मजा कुठे आहे? मजा अशी आहे की या कंटाळवाण्या कामात माणसं उलगडतात. लेस्टर फ्रीमन नावाचा एक वयस्कर डिटेक्टिव्ह आहे. कोपऱ्यात बसून बाहुलीघराचं इवलं फर्निचर घासत असतो. आपल्याला वाटतं, हा कामचुकार. मग एके दिवशी तो काही न बोलता बाहेर जातो आणि एव्हॉनचा फोटो घेऊन येतो. एव्हॉन तरुणपणी बॉक्सिंग करायचा, त्या स्पर्धेचं जुनं पोस्टर! मग कळतं, हा माणूस वरिष्ठांच्या मर्जीविरुद्ध एक प्रकरण तडीस नेल्याबद्दल तेरा वर्षं गहाणवटीच्या दुकानांच्या नोंदी तपासत बसवला होता. दुसरा प्रेझ. दुसऱ्या भागात हा दारू पिऊन एका चौदा वर्षांच्या मुलाला पिस्तुलाच्या दस्त्यानं मारतो, मुलाचा डोळा जातो. प्रेझला रस्त्यावरून काढून टेबलावर बसवतात. आणि तिथे बसल्या बसल्या तो पेजरवरचे सांकेतिक आकडे सोडवतो. फोनच्या बटणांमध्ये मधला पाच आकडा आहे ना, त्याच्यावरून उडी मारायची. एक दाबलं तर नऊ समजायचं, दोन दाबलं तर आठ. पाच आणि शून्य यांची अदलाबदल. साधं आहे, पोरांना चालता चालता करता यावं म्हणूनच साधं ठेवलेलं.

बघा, त्या मुलाचा डोळा गेला नसता तर प्रेझ टेबलावर आला नसता, आणि हे आकडे इतक्या लवकर सुटलेही नसते. मालिका याला न्याय म्हणत नाही. ती फक्त दोन्ही गोष्टी दाखवते. प्रेझबद्दल आपुलकी वाटायला लागली की तो मुलगा आठवायलाच हवा. दुसरा भाग कंटाळून पुढे ढकललेल्या माणसाला तो आठवणार कसा?

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या मालिकेत आपल्यासारखाच कंटाळलेला एक माणूस आहे. डेप्युटी कमिशनर बरेल. त्याला पहिल्या दिवसापासून एकच हवंय: झटपट अटका करा, टेबलावर माल मांडा, छायाचित्र छापून आणा, पथक बंद करा. तिसऱ्या भागात तो धाड घालायला लावतो. दारं फुटतात, आरडाओरडा होतो, पडद्यावर एकदाचं काहीतरी 'घडतं'. हाती काय लागतं? जवळजवळ काही नाही. पुढे अकराव्या भागात, किमा या महिला डिटेक्टिव्हला गोळी लागल्यानंतर, पुन्हा तेच. साहेबांना टेबलावर माल हवा. धाडी पडतात, आणि महिनोन्महिने जपलेलं गुपित फुटतं, कोणीतरी ऐकतंय हे पलीकडे कळतं.

म्हणजे बघा. मी जेव्हा तिसऱ्या भागाच्या मध्यावर वैतागून म्हणालो होतो की अरे काहीतरी घडू दे, तेव्हा मी कोणाच्या बाजूचा होतो? बरेलच्या! मला हे उमगलं तेव्हा खरं सांगतो, मी खुर्चीत सरळ बसलो.

पण थांबा, म्हणून सगळा संथपणा पवित्र मानायचा असं मी म्हणणार नाही. काही भाग निव्वळ कच्चा आहे. पथकातले दोन म्हातारे दारुडे पोलीस विनोदासाठी आणलेत, आणि ते विनोदी नाहीत. मॅकनल्टीची घटस्फोटाच्या वाटेवरची बायको पहिल्या सीझनमध्ये तक्रार करण्यापलीकडे फारसं काही करत नाही. चौथ्या भागात मॅकनल्टी आणि त्याचा मित्र बंक एका रिकाम्या स्वयंपाकघरात जुन्या खुनाचा माग काढतात आणि अख्खा वेळ फक्त एकाच शिवीची रूपं बोलतात. त्या प्रसंगाचं फार कौतुक होतं. मला तो हुशारीचा वाटतो, पण 'बघा आम्ही काय करून दाखवलं' असा. फ्रीमन न बोलता पोस्टर टेबलावर ठेवतो, ते मला दसपट आवडतं.

आता तो मृत्यू. वॉलेस. सोळा वर्षांचा मुलगा, बार्क्सडेलच्या धंद्यात अगदी खालच्या पायरीवर. मायकेल बी. जॉर्डन, पुढे मोठा नट झाला, त्यानं ही भूमिका केली आहे. वॉलेस एका ओसाड घरात राहतो आणि आणखी लहान पोरांचा सांभाळ करतो. त्यांना उठवून शाळेत पाठवतो, हातात खाऊ देतो. एका मुलीला शाळेतलं बसमधल्या प्रवाशांचं गणित येत नाही. वॉलेस तिला मालाच्या पुड्यांचं गणित घालतो, ते ती चटकन सोडवते. तो विचारतो, मग हे कसं जमतं? तर म्हणते, ते चुकलं तर मारतात ना.

पाचव्या भागात वॉलेस एका मुलाला ओळखतो. बार्क्सडेलचा माल लुटणाऱ्या टोळीतला, ब्रँडन. वॉलेस तसं कळवतो. फोन, पेजर, निरोप. सकाळी त्या ब्रँडनचं हाल करून मारलेलं प्रेत वॉलेसच्याच दारासमोर गाडीवर टाकलेलं असतं. सहावा भाग इथून सुरू होतो. माझा मित्र म्हणाला होता सहाव्या भागात मालिका पकड घेते, ती अशी. पेजरचे आकडे तेव्हा सुटलेले आहेत, पण फोनवरचं बोलणं अजून ऐकू येत नाहीये. नोंदींवरून त्या रात्रीचे फोन नंतर जुळवता येतात. नंतर!

तिथून वॉलेस खचतो. झोप उडते, नशेला लागतो, पोलिसांना सगळं सांगतो. पोलीस त्याला गावाकडे आजीजवळ ठेवतात आणि धामधुमीत विसरतात. तो कंटाळून परत येतो. आणि बाराव्या भागात त्याला त्याचेच दोन मित्र गोळ्या घालतात, त्याच ओसाड घरात. त्यांतला एक बोडी. हात थरथरत असतो त्याचा.

आता मागे, तिसऱ्या भागात जाऊ. जिथे मी मालिका सोडली होती तिथे. बोडी आणि वॉलेस बुद्धिबळाच्या सोंगट्या घेऊन भलताच सोपा खेळ खेळत असतात. डीअँजेलो त्यांना बुद्धिबळ शिकवतो. राजा कसा, त्याला सगळे कसे जपतात. राणी कशी कुठेही जाते. पोरांना लगेच स्ट्रिंगर आठवतो, एव्हॉनचा उजवा हात. आपल्याकडे त्या सोंगटीला वजीर म्हणतात, ते तर इथे जास्तच चपखल बसतं. आणि प्यादी? प्यादी लवकर मरतात. बोडी विचारतो, प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर मोठं होतं ना? डीअँजेलो म्हणतो, क्वचित. बोडी म्हणतो, हुशार असलं तर होईल.

पाहताना वाटतं, ठीक आहे, जरा उघडंवाघडं प्रतीक आहे. पण चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागात, म्हणजे एकूण पन्नासाव्या भागात, बोडी एका बाकावर बसून मॅकनल्टीशी बोलतो. तोवर त्यानं सगळं निष्ठेनं केलंय, वॉलेसवर गोळीसुद्धा झाडलीय. आणि तो म्हणतो की आपण त्या पटावरच्या प्याद्यांसारखे. त्याच रात्री तो मारला जातो, स्वतःच्या कोपऱ्यावर. तिसऱ्या भागात पेरलेलं पन्नासाव्यात उगवलं. आणि आपण तिथे रडतो ते एका खुन्यासाठी. वॉलेसला मारणाऱ्यासाठी. हे साधायला वेळ लागतो. त्याला दुसरा रस्ता नाही.

आता उलटी बाजू. पाचवा सीझन सगळ्यात आखूड, दहा भागांचा, आणि सगळ्यात वेगवान. माझ्या मते सगळ्यात कमकुवतही. त्यात खात्याकडे पैसे नसतात, म्हणून मॅकनल्टी एक खोटाच मालिका-खुनी रचतो. आणि काय आश्चर्य, पैसे येतात, वर्तमानपत्रं नाचतात! कल्पना मार्मिक आहे: लोकांना खऱ्या, संथ गुन्ह्यात रस नाही, त्यांना टीव्हीवरचा गुन्हा हवाय. पण ते सांगताना मालिका स्वतःच टीव्हीसारखी झाली.

या मालिकेला एकही एमी मिळाला नाही, दोन नामांकनं तेवढी, तीही लेखनासाठी. प्रेक्षकही तेव्हा बेताचेच होते. नंतर तिची कीर्ती वाढली, विद्यापीठांत ती शिकवली गेली. पण मला कीर्तीशी कर्तव्य नाही. मला आपल्या घाईशी कर्तव्य आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गुन्हा भयंकर होता, कोणाचंही रक्त उसळावं असा. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्यापैकीही अनेकांना तेव्हा बरं वाटलं असेल. सर्वोच्च न्यायालयानं चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भातले. २०२२ मध्ये त्यांचा अहवाल समोर आला: गोळ्या मारण्याच्या हेतूनंच झाडल्या होत्या. अहवालावर फुलं कोणी उधळली नाहीत. तो जाड होता, संथ होता, अडीच वर्षं उशिरा आला होता. आणि तपास म्हणतात तो तोच होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सगळ्याच संथ मालिका थोर नसतात. बऱ्याच नुसत्या संथ असतात. पारखायचं कसं? सहाव्या भागाला पोचल्यावर स्वतःला विचारा: मागचं मला आता लागतंय का? लागत नसेल तर खुशाल सोडा. 'द वायर'मध्ये लागतं. फाशांच्या जुगारातला तो पोरगासुद्धा लागतो. पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं होतं: इथे खेळ ठरलेला आहे, हरणारा ठरलेला आहे, आणि तरी सगळ्यांना खेळायला घ्यायचंच. मी ते चुटका म्हणून ऐकलं होतं.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, वेळच नसेल तर थेट चौथा सीझन बघितला तर चालेल का? तो सगळ्यात चांगला म्हणतात.

उत्तर : चांगला आहेच. शाळेतली चार मुलं, आणि गणिताचा मास्तर कोण? आपला प्रेझ. सुरुवातीला मी म्हणालो ना, एक बातमीदार आणि एक पोलीस-मास्तर, ते इथे येतं. थेट बघितलात तर तुम्हाला एक प्रेमळ, धडपडणारा मास्तर दिसेल. पण ज्या मुलाचा डोळा गेला तो दिसणार नाही. आता तुम्हीच ठरवा. मी तरी सुरुवातीपासून बघा म्हणेन. रोज एकच भाग बघा, जेवण झाल्यावर. एका बैठकीत उरकू नका.